बिऱ्हाडाची भुई

साताऱ्याच्या मंगळवार पेठेत, शनिवार पेठेत वाड्यांतून दोन-दोन खोल्यांची बिऱ्हाडं असत, तेव्हा भुई मालकाची आणि सारवण बिऱ्हाडकरूचं, हे न लिहिता ठरलेलं असे. दसऱ्याआधी पोपडे धरलेली जमीन उकरायची, माती भिजवून चोपण्याने चोपायची, मग शेणाने सारवायची. माती मालकीणबाई देत आणि चोपायला शेजारचं बिऱ्हाडही येई.

पुढे शहाबादी फरशी आली. सांगलीच्या गावभागातल्या जुन्या घरांतून ती अजून आहे. वैशाखातल्या दुपारी तिच्यावर उघडी पाठ टेकली की मिळणारा गारवा मला पंख्याने कधी दिला नाही. 2019 च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली; धोक्याची पातळी 45 फुटांची. पाणी ओसरल्यावर खचलेली शहाबादी उचलून, धुऊन पुन्हा बसवता येते. ओलीने तिचे पापुद्रे सुटतात, हे खरं. पण तेवढी एकच लादी बदलली की भागतं. व्हिट्रिफाइड टाइलखालचा थर धुपला की ती पोकळ वाजते, फुटते, आणि चार वर्षांनी तोच नमुना दुकानात मिळत नाही.

आता भाड्याचा करार 11 महिन्यांचा. राहणाऱ्याला जमिनीची माया लागण्याआधी सामान हलतं. मालकाचीही अडचण होती. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने दुरुस्ती त्याच्याकडे दिली. त्याने ती टाळली, तर 15 दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने करून घ्यावी, पण खर्च वर्षाला भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच वळता करावा. जुन्या पन्नास रुपये भाड्यात फरशी कुठून होणार? म्हणून ती वर्षानुवर्षं तशीच झिजली, आणि घर रिकामं होताच तिच्यावरच नवी टाइल चिकटवली गेली. उंबरठा बुडाला, दारं खालून तासावी लागली.

मोझॅकच्या जमिनी अशा झाकलेल्या पाहिल्या की जीव तुटतो. त्या झिजलेल्या नसतात, मळलेल्या असतात. खड्डे भरून, मशीनला आधी जाड, मग बारीक दगड लावून पाण्याने घासलं की संगमरवराचे दाणे पुन्हा उमटतात. दोन दिवस राखाडी चिखल काढावा लागतो, एवढाच त्रास. जुन्या घराच्या मालकांनो, टाइलवाल्याला विसार देण्याआधी पॉलिशवाल्याला बोलवा आणि एका कोपऱ्यात हातभर जागा घासून बघा.