काना झाला पाऊण

रविवारी सकाळी कळव्यात अकरावी-बारावीच्या मुलांना मी पायथॉन शिकवतो. पाढे, बेरजा झाल्या की फाइल वाचणं-लिहिणं येतं. पुस्तकात त्याला तीन ओळी पुरतात: उघडा, वाचा, बंद करा. पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या फायली इंग्रजीत असतात, त्यांचं भागतं.

मी नोटपॅडमध्ये एकच शब्द लिहायला सांगतो, ‘कळवा’. सेव्ह करा, आकार बघा. बारा बाइट. “सर, अक्षरं तर तीनच आहेत!” दिसतात तीन, पण काना वेगळा साठवला जातो, म्हणजे चार चिन्हं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या दर चिन्हाला तीन बाइट लागतात. क म्हणजे २२४, १६४, १४९. पहिला आकडा सगळ्यांचा २२४, दुसरा १६४ नाहीतर १६५. खरी ओळख तिसऱ्यात. (१९९१ च्या इस्की या आपल्या मानकात हेच काम एका बाइटात व्हायचं. यूटीएफ-८ ची आखणी १९९२ साली केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, टेबलावरच्या कागदावर केली. तिथे इंग्रजीला एक बाइट आणि आपल्याला तीन.)

आता तीच फाइल पायथॉनने वाचायची. एन्कोडिंग सांगितलं नाही, तर आपल्याकडच्या बहुतेक विंडोज मशीनवर पायथॉन जुना पाश्चात्त्य तक्ता धरतो, एका बाइटाला एक चिन्ह. मग पडद्यावर डोक्यावर रेघ मारलेला इंग्रजी ए चारदा येतो, आणि त्याच्या आगेमागे क चा ठिपका, ळ चा बारीक तीनचा आकडा, व चं ग्रीक म्यू आणि कान्याचा चक्क पाऊण! मुलं हसतात. मीही हसू देतो, कारण पुढची ओळ हसण्यासारखी नसते.

त्याखाली ‘मुंब्रा’ लिहा आणि पुन्हा चालवा. आता कचराही येत नाही, लाल अक्षरांत एरर येते. त्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत: १२९, १४१, १४३, १४४, १५७. ऱ्हस्व उकाराचा तिसरा बाइट नेमका १२९, पाय मोडायच्या खुणेचा १४१. ए, ऐ आणि झ उरलेल्या तिघांत अडकतात. म्हणून ठाण्याहून निघालेली आमची धीमी लोकल कळवा, दिवा, कोपर, डोंबिवली इथे कचरा का होईना, पण दाखवते. मुंब्रा, ठाकुर्ली, कल्याण आलं की बंद. नवशिका दोन दिवस आपल्या लूपमध्ये चूक शोधत बसतो, कारण “काल तर चालत होतं”.

उपाय एका शब्दाचा: उघडतानाच एन्कोडिंग यूटीएफ-८ असं लिहायचं. पायथॉन ३.१५ पासून न लिहिताही तेच धरायचं ठरलंय. तरी मी लिहायला लावतो. शाळेच्या लॅबमधल्या मशीनवर कुठली आवृत्ती असेल, कोण जाणे.

वाचताना चुकलं तर मूळ फाइल निदान शाबूत राहते. लिहिताना तसं नाही. सुरुवातीच्या काळात आमच्या सोसायटीच्या गणपतीची वर्गणी मी एका टेक्स्ट फाइलमध्ये ठेवायचो. रकमांची बेरीज करून यादी त्याच फाइलमध्ये परत लिहायची, म्हणून ती ‘डब्ल्यू’ने उघडली. डब्ल्यूने उघडलं की आधी फाइल पुसली जाते, तुम्ही एक अक्षर लिहिण्याच्याही आधी. शेवटी भर घालायची तर ‘ए’ हवा होता, आणि पूर्ण यादी बदलायची तर नव्या नावाची फाइल. त्यात एन्कोडिंगही दिलं नव्हतं. पहिलंच मराठी नाव जुन्या तक्त्यात बसेना, प्रोग्रॅम तिथेच थांबला. फाइल उघडून पाहिली, शून्य बाइट.

पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती खजिनदार काकांकडे होत्या. रात्री दोनपर्यंत त्यांच्या ओट्यावर बसून मी एकेक नाव पुन्हा टाइप केलं. काका चष्म्यावरून बघत वाचून दाखवत होते.