रंग खरवडण्यापूर्वी

जुनी वस्तू उजळण्यापूर्वी तिचे वय ठरवावे, हा पुरातत्त्वाचा नियम निर्मलमधील आमच्या घरच्या सायकलीलाही लावावा लागला. सायकल रॅले कंपनीची. काळी पोलादी चौकट, अठ्ठावीस इंची चाके, सळयांचे ब्रेक. आजोबा हैदराबाद मुक्तिसंग्रामात, 1947-48 साली, हिच्यावरूनच भैंशाला निरोप पोचवीत, अशी घरातली समजूत.

कारागिराचा प्रस्ताव सरळ होता : सारा रंग खरवडायचा, नवा द्यायचा, वर सोनेरी रेघ ओढायची. नक्काशांच्या या गावात सोनेरी रेघ ओढणाऱ्या हातांची वाण नाही. परंतु रंगाबरोबर साक्षही खरवडली जाते. म्हणून आधी सायकल वाचावयाची ठरविली.

पुढच्या बिल्ल्यावर ‘नॉटिंगहॅम, इंग्लंड’ आहे. आसनसोलच्या सेन-रॅलेची ही नव्हे, परदेशातून आलेली आहे, इतके त्यावरून कळले. बैठकीखालच्या सांध्यावर क्रमांक आहे. पण या कंपनीच्या क्रमांकमालिका पुन्हा वापरल्या गेल्याने एकट्या क्रमांकावरून निकाल लागत नाही. खरी साक्ष मागच्या चाकाच्या हबची, म्हणजे बैलगाडीच्या भाषेत तुंब्याची. स्टर्मी-आर्चरच्या तीन वेगांच्या हबवर निर्मितीचे वर्ष कोरलेले असते. रॉकेलच्या चिंधीने वंगण पुसले आणि ‘51’ हे आकडे दिसले.

एका भागाचे वय म्हणजे साऱ्या वस्तूचे वय नव्हे. चाक मागाहून बदललेले असू शकते. म्हणून गिअरची तार धरणाऱ्या पट्ट्या सोडविल्या. त्यांखालचा काळा रंग नव्यासारखा तकतकीत निघाला. दोन्ही रिमांवर ठसाही एकच. तेव्हा गिअर मूळचाच असावा आणि सायकल 1951च्या आगेमागेची.

आत्याने विचारले, “मग बाबा संग्रामात गेलेच नाहीत, असं म्हणतोस का रे?” आजोबांचे जाणे या आकड्यांनी खोटे ठरत नाही, परंतु ही सायकल त्याची साक्षीदार नव्हे. भाषिक हक्कांसाठी भांडणाऱ्याने हा निवाडा मानलाच पाहिजे. आपली एक दंतकथा फसली, की तिच्या शेजारच्या दहा खऱ्या गोष्टींवर संशय येतो.

शिवाय 1951ची साक्षही लहान नाही. तेव्हा निर्मल आदिलाबाद जिल्ह्यात होते आणि भैंसा मुधोळ तालुक्यात, म्हणजे नांदेड जिल्ह्यात. राज्य मात्र एकच, हैदराबाद. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मुधोळ आंध्र प्रदेशात आले, तर किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले. आमच्या सायकलीहून ही सीमा पाचेक वर्षांनी धाकटी आहे.

बोलीचेही असेच वय असते. कारागिराच्या तोंडी पायडल, चिमटा, छर्रे, फ्रीव्हीलचे कुत्रे असे शब्द सहज येतात. ‘पेडल’ आपलेसे करताना मराठीने त्यात स्वतःचा ‘पाय’ शोधला. आमच्या बोलण्यातील उर्दू-तेलुगू शब्द ऐकून पलीकडचे काही स्नेही ते ‘शुद्ध’ करू पाहतात. हेतू चांगला असतो. पण ते शब्द हबवरच्या आकड्यांसारखे आहेत. कोणती राजवट आली, कोणते शेजारी लाभले, हे त्यांवरून कळते. ते घासून टाकले तर बोली चकाकेल, मात्र तिचे वय सांगणारे काही उरणार नाही.

सायकलीचा मूळ रंग राखला. गंज तेवढा थांबविला, छर्रे आणि टायर नवे घातले. आपल्या घरी अशी सायकल असेल, तर ती रंगाऱ्याकडे देण्यापूर्वी तिच्यावरचे आकडे वहीत उतरवून घ्या. घरातील वडीलधारी माणसे तिच्या एकेका भागाला काय म्हणतात, तेही शेजारी लिहा. आणि लिहिताना त्यांचे उच्चार सुधारू नका.