अंतर किलोमीटरमध्ये विचारू नका

अंदमानला जाऊन आल्यापासून पेण-रोह्यातली निम्मी ओळखीची माणसं एकच विचारतात, "विमानाने किती तास हो?" म्हणून एकदाच सगळ्यांसाठी लिहितो.

मोबाईलवर बघाल तर मुंबई ते पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून श्री विजयपुरम) हवाई अंतर साधारण २३०० किलोमीटर. विमान ताशी आठशेने उडतं, म्हणजे तीन तास. झालं गणित! घोळ इथेच होतो.

गंमत म्हणजे दोन्ही विमानतळ बेटांवरचे. मुंबईचं जुनं साष्टी बेटावर, तिकडचं वीर सावरकर विमानतळ दक्षिण अंदमानवर. पण तिकीट बहुधा चेन्नई, कोलकाता असं मध्ये विमान बदलून मिळतं. मुंबई-चेन्नई अंदाजे १०३०, पुढे १३७०. बेरीज २४००. म्हणजे अंतर वाढलं जेमतेम शंभर किलोमीटर, पण मधल्या थांब्यात अडीच तास गेले. १९११ साली सावरकरांनाही मद्रासहूनच बोटीने नेलं होतं. आजही चेन्नईची बोट साठेक तास घेते.

आता आमचा हिशोब. विमान सकाळी सहाचं. चारला विमानतळावर हजर व्हायचं, म्हणून रोह्याहून रात्री साडेबाराला भाड्याची गाडी काढली. तिकडे हॉटेलात शिरलो दुपारी दीडला. हवेत सव्वाचार तास, दारापासून दारापर्यंत तेरा! बहात्तर वर्षांच्या आईचे गुडघे विमानात नाही, वडखळच्या आधीच बोलायला लागले होते.

मुद्दा हाच आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून उलव्याच्या नव्या विमानतळावरून विमानं उडू लागली. पेणकरांसाठी तर ते मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. नकाशावर आपण नशीबवान. पण पळस्पे ते इंदापूर रस्त्याचं रुंदीकरण २०११ पासून आपण बघतोय. विमानतळ जवळ आलं म्हणून प्रवास आपोआप जवळ येत नाही. पहाटेच्या विमानासाठी रोह्याच्या माणसाने रात्री कशाने निघायचं? गाडीभाडं परवडेल त्यानेच उडायचं का?

म्हणून आपली मागणी साधी हवी: रोहा-नागोठणे-पेण मार्गे, विमानांच्या वेळा धरून सुटणारी बस. आणि पहाटेच्या लोकांसाठी रात्रीची एक तरी फेरी. निवडणुकीत मतं मागायला दारात येतील त्यांना हेच विचारा, "साहेब, विमानतळ किती लांब ते माहितीय. किती वेळ लागतो ते सांगा."

जाणाऱ्यांसाठी एक सूचना. घड्याळ तिथेही आपलंच, पण सूर्य आपल्यापेक्षा तासाभराहून अधिक आधी उगवतो नि मावळतोही. तेव्हा फिरायला सकाळी लवकर निघा.

तुम्हाला घरापासून विमानापर्यंत किती वेळ लागला, तो आकडा गावाच्या नावासकट खाली लिहा. एकत्र करून देऊ.