बाकावरची मिनिटे

बास्केटबॉलचा सामना ४० मिनिटांचा असतो आणि एका संघाचे ५ खेळाडू एका वेळी मैदानावर असतात. म्हणजे प्रशिक्षकाच्या हाती एकंदर २०० मिनिटे येतात. संघात १२ जण असले आणि वाटणी सारखी झाली, तर प्रत्येकाला १६ मिनिटे ४० सेकंद मिळतील. हा हिशेब आमच्या तेरा वर्षांच्या मुलाने आम्हांला करून दाखविला. गेल्या वर्षी त्याच्या वाट्याला आली ती बहुतांशी बाकावरची मिनिटे.

आम्ही नागपूरच्या दक्षिणेस, बेसा येथे राहतो. मुलगा सायंकाळी सरावाला जातो आणि अभ्यास उरकला की संगणकावर ‘बझरबीटर’ नावाचा खेळ उघडतो. त्यात चेंडू हाताळावयाचा नसतो. एक काल्पनिक संघ सांभाळावयाचा असतो. खेळाडू कसे घडतात, याचे तेथील नियम आम्ही त्याच्या शेजारी बसून समजून घेतले. दर आठवड्याला एक कौशल्य निवडावे लागते आणि ते कोणत्या जागेवरील खेळाडूंना शिकवायचे, तेही ठरवावे लागते. त्या जागेवर प्रत्यक्ष सामन्यांत ४८ मिनिटे खेळणाऱ्यालाच सरावाचे पूर्ण फळ मिळते. कोवळ्या वयात प्रगती झपाट्याने होते, पुढे ती मंदावते. जो खेळत नाही, तो घडत नाही.

आमच्या मुलाने दोन नवख्या खेळाडूंना सतत मैदानावर ठेवले आणि त्यापायी काही सामने गमावले. “बाबा, आज हरलो नाही, तर हे दोघे कधीच तयार होणार नाहीत,” असे तो शांतपणे म्हणाला. ज्या मुलाला स्वतःला कोणी मैदानावर उतरवीत नाही, त्याच्या तोंडचे हे वाक्य आमच्या मनात घर करून राहिले.

वस्तुतः हा खेळ जन्मला तो कोणालाही बाकावर बसविण्यासाठी नव्हे. १८९१च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी तो प्रथम खेळविला, तेव्हा वर्गात १८ विद्यार्थी होते. त्यांनी नऊ-नऊ जणांचे दोन संघ केले. सारा वर्ग खेळला. मायकेल जॉर्डन यांची गोष्टही अशीच. १९७८ साली शाळेच्या मुख्य संघात त्यांची निवड झाली नाही, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु त्यांना कनिष्ठ संघात घातले गेले आणि तेथे त्यांना भरपूर खेळावयास मिळाले, हे सहसा कोणी सांगत नाही. मुख्य संघाच्या बाकावर ते वर्ष गेले असते, तर काय झाले असते?

संगणकावरील एका नियमाशी मात्र आमचे जमत नाही. तेथे प्रत्येक खेळाडूच्या कुवतीची मर्यादा आधीच लिहिलेली असते. सर्वांत खालच्या पायरीचे नाव आहे ‘निवेदक’. म्हणजे याने खेळू नये, ध्वनिक्षेपकावर बोलावे! माणसाच्या लेकरावर असा शिक्का कोणी मारावा? आमच्या भागातील संत्र्याचा बागाईतदारदेखील जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधल्यावर फळासाठी चार-पाच वर्षे थांबतो. दुसऱ्या वर्षी फळ दिसले नाही, म्हणून तो झाड उपटून टाकीत नाही.

लहानांसाठी नियम वाकवावेत, हे या खेळाने केव्हाच मान्य केले आहे. मोठ्यांची कडी ३.०५ मीटर उंचीवर असते, तर मिनी बास्केटबॉलमध्ये ती २.६० मीटरवर बांधतात. चेंडूही लहान असतो. कडी खाली आणता येते, तर मिनिटेही वाटता येतील.

वाचकहो, सुट्टीत आपल्या धर्मग्रामांतून मुलांचे सामने भरतात. त्यांच्या नियमावलीत एवढीच एक ओळ वाढवावी, अशी आमची विनंती आहे: पूर्वार्धाच्या २० मिनिटांत संघातील प्रत्येक मुलाने किमान ५ मिनिटे खेळलेच पाहिजे. बारा जणांची मिळून ती ६० मिनिटे होतात आणि पूर्वार्धात वाटण्यासाठी १०० असतात. चांगल्या खेळाडूंवर काही अन्याय होत नाही. करंडक कदाचित शेजारच्या धर्मग्रामात जाईल. जाऊ द्यावा. पुढल्या वर्षी आपल्यापाशी पाच नव्हे, बारा खेळाडू असतील.