काळी आणि पांढरी

बारामतीहून भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी करीत इंदापूरला यावे, तर वाटेत ऊस आणि काळीभोर जमीन. ही काळी पिकाची माय, पण घराची सासू! पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरची भिंतही तडकते. म्हणून जुन्या माणसांनी काळीत पेरले आणि गावठाणाच्या पांढरीवर घरे बांधली.

इंदापुरात मी घेतलेले जुने माळवद पहिल्याच वळवात सात ठिकाणी गळले. घरातली सारी पातेली कामाला लागली. शेजारच्या आजी म्हणाल्या, "शिमिट तडकंल, बाबा, पांढरी टाक." पडक्या घरांची ती माती चाळून पसरली, भिजवून चोपली, पन्हळीकडे उतार दिला. पुढच्या पावसात थेंब आला नाही. त्या रात्री कोरड्या जमिनीवर अंग टाकण्याचे सुख काय वर्णावे!

उजनी धरण १९८० साली पुरे झाले आणि याच तालुक्यातल्या जुन्या पळसदेवची पांढरी पाण्याखाली गेली. पाणी ओसरले की तिथले देऊळ वर दिसते. घरे मात्र गेली ती गेलीच. आपले छप्पर दुरुस्त करायला मिळणे हेही भाग्यच. दरवर्षी मृगाआधी मी हौसेने शिडी लावतो.