नाव नसलेली तक्रार



मेहकर म्हटलं की पुष्कळांना बुलढाण्याचं मेहकर आठवतं. मी लिहितोय ते बिदर जिल्ह्यात, भालकी तालुक्यातल्या मेहकरहून. इथे कचेरीत कानडी, घरात मराठी आणि बाजारात दोन्ही. आमची मंडळी लहान आहे. मी मुलांना धर्मशिक्षण देतो.

कापणीच्या सणाला आमच्या अंगणात लिलाव होतो, तसा तुमच्याकडेही होत असेल. कोणी कोंबडी आणतं, कोणी तुरीचं पायलीभर धान्य, कोणी नारळ. वीस-पंचवीस रुपयांचा नारळ पाचशेला जातो. घेणारा तो पुन्हा लिलावाला देतो, आणि तोच नारळ परत तीनशेला जातो. पोरं मुद्दाम बोली चढवतात, सगळे हसतात. कोणी फसत नाही, कारण काय चाललंय ते सगळ्यांना दिसतं. तो देवाला द्यायचा एक आनंदाचा मार्ग आहे.

गेल्या वर्षी मुलांच्या वर्गावर पत्रे घालायचे होते. मला वाटलं, लिलाव ऑनलाइन केला तर बाहेरची माणसंही घेतील. ओळखीच्या एका बिदरी कारागिराने दोन लहान फुलदाण्या कमी किमतीत दिल्या. आमच्या अक्कांनी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली. मी फोटो काढले, वर्णन लिहिलं आणि मोबाइलवरून लिलाव लावला. सभेत एकटे मास्तर म्हणाले, "देवाच्या कामाचा बाजार मांडू नये." मास्तर आमचे सर्वांत जुने सभासद, रविवारी पहिलं वाचन त्यांचं. मी हसून विषय बदलला.

आठ दिवसांत दोन तक्रारी आल्या. पहिली: फुलदाण्या बिदरी नाहीत, काळा रंग दिलेलं पितळ आहे. दुसरी: गोधडीची बोली विकणाऱ्याचीच माणसं चढवत आहेत. दोन्ही जाहिराती बंद झाल्या. आणखी एक तक्रार आली तर खातं बंद होईल, असा इशारा आला. तक्रार कोणाची, ते विकणाऱ्याला सांगत नाहीत.

त्या रात्री मला झोप आली नाही. पैशांचं दुःख कमी होतं. मला एकच प्रश्न खात होता, कोण असेल? आणि मन लगेच मास्तरांवर जाऊन बसलं. मी त्यांना काही विचारलं नाही. फक्त पुढच्या वाचनांच्या यादीतून त्यांचं नाव काढलं. तीन रविवार ते मागच्या बाकावर गप्प बसले. मी प्रार्थना सांगत होतो आणि त्यांच्या चेहऱ्यावर गुन्ह्याची खूण शोधत होतो.

त्याच सुमारास मुलांना प्रेषितांची कृत्ये शिकवायची होती. पंचविसाव्या अध्यायात फेस्त राजा अग्रिप्पाला पौलाविषयी सांगतो. आरोपीला वादींच्या समोरासमोर उभं करून उत्तर द्यायची संधी दिल्याशिवाय शिक्षेला सोपवायची रोमी लोकांची रीत नाही, असं तो म्हणतो. हे वाचून मला बरं वाटलं. कॉलेजात वाचलेला इतिहासही आठवला. इ.स. ११२ च्या सुमारास बिथुनियाचा सुभेदार प्लिनी याच्याकडे ख्रिस्ती लोकांच्या नावांची एक यादी आली होती, खाली सही नसलेली. त्याने सम्राट ट्राजानला पत्र लिहून ख्रिस्ती लोकांचं काय करावं ते विचारलं. ट्राजान काही आपला मित्र नव्हता. आरोप सिद्ध झाला आणि माणसाने विश्वास नाकारला नाही तर शिक्षा करावी, असंच त्याने कळवलं. पण सही नसलेले कागद कोणत्याही आरोपात विचारात घेऊ नयेत, हेही त्याने स्पष्ट लिहिलं. आपल्या केंद्रीय दक्षता आयोगानेही १९९९ मध्ये सरकारी खात्यांना निनावी अर्जांवर कारवाई करू नये असं कळवलं होतं.

मी हे सगळं मुलांना मोठ्या जोशात सांगितलं. तेव्हा एका मुलीने सहज विचारलं, "सर, मग मास्तर आजोबा आता का वाचत नाहीत?"

मला उत्तर देता आलं नाही. मी स्वतः काय केलं होतं? मास्तरांवर आरोप ठेवला, तो त्यांना सांगितला नाही, त्यांचं ऐकून घेतलं नाही आणि शिक्षाही देऊन टाकली. माझ्या त्या निकालावरही सही नव्हती. निनावी तक्रारीचा मला चीड होती आणि मी तेच करत होतो. भावाने अपराध केला तर एकट्याने जाऊन त्याला सांग, असं प्रभू मत्तयाच्या अठराव्या अध्यायात सांगतो. मी तर मास्तरांच्या घराकडचा रस्ताच बदलला होता.

संध्याकाळी गेलो. सगळं सांगितलं, यादीतून नाव काढल्याचंही. मास्तर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला जे बोलायचं होतं ते तुझ्या तोंडावर सभेत बोललो. मागून कशाला लिहू?" मी माफी मागितली. चहा आला. निघताना त्यांनी विचारलं, "तक्रार कोणी केली ते शोधतोयस. ती खरी आहे का, ते पाहिलंस का?"

ते मी पाहिलंच नव्हतं.

फुलदाण्यांची तक्रार खोटी होती. बिदरीत जस्त आणि तांब्याचं ओतकाम असतं. त्यावर नक्षी कोरून चांदी ठोकून बसवतात आणि मग किल्ल्यातली माती व नवसागर यांचा लेप चोळतात. धातू काळा होतो, चांदी पांढरीच राहते. कारागिराने पावती दिली, काम करतानाचा व्हिडिओही काढू दिला. हे सगळं मी त्या साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या व्याख्येत ऑनलाइन लिलावाच्या साइट्सही मध्यस्थ म्हणून येतात. २०२१ च्या नियमांप्रमाणे मध्यस्थाला असा अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्काचे तपशील जाहीर करावे लागतात. तक्रारीची पोच २४ तासांत आणि निकाल ठरावीक मुदतीत द्यावा लागतो. फुलदाण्यांची जाहिरात परत सुरू झाली.

गोधडीची तक्रार मात्र खरी होती.

मीच आमच्या तरुणांना म्हणालो होतो, "जरा बोली चढवत राहा." अंगणातल्या सवयीने बोललो, आणि पोरांनी तसंच केलं. पण पुण्यातली एक ताई तिकडे आपल्या पैशाने बोली लावत होती. समोर खरा ग्राहक आहे असं तिला वाटत होतं. अंगणात जी गंमत होती, ती इथे लबाडी झाली. खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे, असं नीतिसूत्रे सांगतात. माझा तराजू खोटा होता आणि त्यावर मी देवाचं नाव लिहिलं होतं. बोली १,४५० वर गेली होती. आमच्या पोरांच्या बोल्या वगळल्या तर ती ७५० वर थांबली असती. मी त्या ताईंना खरं सांगितलं आणि गोधडी ७५० ला घ्यायची की नाही ते त्यांच्यावर सोडलं. त्यांनी घेतली. साइटलाही माझी चूक लिहून कळवली. ती जाहिरात मी पुन्हा लावली नाही.

तक्रार कोणी केली ते मला आजही ठाऊक नाही. विचारायचं मी सोडून दिलं. नाव लपवणाऱ्याने चांगलं केलं असं मी म्हणत नाही. त्याने मला सरळ फोन केला असता तर फुलदाण्यांचा प्रश्न पाच मिनिटांत मिटला असता. पण त्याच्याच हाताने देवाने माझी चूकही उघडी केली.

म्हणून तुमच्यावर निनावी तक्रार आली, दुकानावर असो, नोकरीत असो की मंडळीत, तर आधी ती खरी आहे का ते पाहा. खोटी असेल तर पावत्या, फोटो, तारखा जपा आणि शांतपणे योग्य माणसाला उत्तर द्या. खरी असेल तर सुधारा. आणि कोणाचा संशय आलाच तर त्याच्या घरी जा. जायचं धैर्य नसेल तर तो संशय मनातही ठेवू नका.

मास्तर पुढच्या रविवारी वाचायला उभे राहिले. वर्गावर पत्रे अजून निम्मेच आहेत. येत्या कापणीच्या सणाला उरलेल्यांसाठी लिलाव होईल, अंगणातच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

हे प्रभू, आमच्यावर आरोप करणाऱ्यांना क्षमा कर. आणि ज्यांच्यावर आम्ही मनातल्या मनात आरोप ठेवला, त्यांच्या दारापर्यंत जायचं बळ आम्हाला दे. आमेन.