मुंड्यांपाशी

परतवाडा मागे पडला की घाट सुरू होतो आणि कपाशीचा सपाट मुलूख खाली राहतो. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत फेकलं, त्या कीचकदऱ्याचा चिखलदरा झाला, असं इथे कुणीही सांगेल. म्हणजे गावाच्या नावातच एक मृत्यू आहे.

मी आलो होतो शेजारच्या गाविलगडासाठी. 29 नोव्हेंबर 1803 ला अकोल्याकडच्या अडगावला नागपूरकर भोसल्यांची फौज इंग्रजांपुढे हरली. तिथून निसटलेलं पायदळ या गडावर आलं. इंग्रज कर्नल स्टीव्हन्सनच्या माणसांनी डोंगरातून तोफा ओढत उत्तरेची बाजू गाठली आणि 15 डिसेंबरला इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने गड घेतला. किल्लेदार बेनीसिंग दरवाजाजवळ प्रेतांच्या ढिगात सापडला. शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून घरच्या स्त्रियांवर आधीच तलवार चालवली गेली होती. त्यांतल्या काही जखमी होऊनही जगल्या. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. वेलस्ली पुढे वेलिंग्टन झाला, त्याचे पुतळे उभे राहिले. गडावर मरणाऱ्यांच्या नावाचा एक दगड मी दुपारभर शोधला. तटावर गवत होतं, दरवाजावर गंडभेरुंड होता. दगड नव्हता.

खाली मेळघाटात, समोरासमोर दोन ओळींत घरं असलेल्या एका कोरकू गावाबाहेर, महूच्या झाडाखाली मुंडे दिसले. कोरकू आपली माणसं पुरतात. पुढे केव्हातरी सिडोलीचा विधी करून मृतासाठी कोरलेली लाकडी फळी रोवतात, तो मुंडा. सिडोली झाल्याशिवाय माणूस पूर्वजांत जात नाही, अशी श्रद्धा आहे.

मी उकिडवा बसलो. वर सूर्य-चंद्र, खाली घोड्यावरचा स्वार. जन्मभर पायी जंगल तुडवलेल्या माणसाला मेल्यावर घोडा मिळालेला. पावसाने लाकूड राखाडी पडलं होतं, मऊ भाग झिजून रेषा वर आल्या होत्या. स्वाराचा चेहरा पुसला होता. हातातला लगाम मात्र बोटाला लागत होता. नाव कुठेच नाही. तरी सोबतच्या म्हाताऱ्या बाबांनी एकेका फळीवर हात ठेवत आजा, काका, चुलतआजी अशी माणसं सांगितली. मध्ये कुठे अडले नाहीत.

शेवटच्या मुंड्याशेजारी मोकळी जागा होती. मी तिकडे पाहिलं.

"भावाचा बाकी हाय," बाबा म्हणाले. "सहा वर्सं झाली. गावजेवण द्या लागते ना. औंदा सोयाबीन निघालं का करतो."

त्यांनी वाकून तिथलं गवत उपटलं.